जांभळा अमीबा

सोमवार, ९ जानेवारी

आज खोटं बोलले. भर वर्गात, अडतीस पोरांसमोर, हातात खडू घेऊन!

आठवीला अमीबा होता. दरवर्षीसारखा काढला — मोठा, ऐसपैस, जांभळा. जांभळा खडू मी पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळा जपून ठेवते, खास अमीबासाठी. मोठ्या सरांनी आम्हाला असाच शिकवला होता. ह्याच शाळेत, ह्याच खोलीत मी आठवीत होते तेव्हा विज्ञान त्यांच्याकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी ते मुख्याध्यापक झाले आणि विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. माझी पदवी भाषेची! पण विचारतो कोण?

पोरांनी माना खाली घालून चित्र उतरवून घेतलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून हात वर. प्रश्नपेटी! हजेरीपटात तिचं नाव वेगळं आहे, पण शिपाईमामांपासून सगळे तिला प्रश्नपेटीच म्हणतात.

"बाई, तुम्ही पाहिलाय? खरा?"

मी म्हटलं, "हो."

"जांभळाच असतो?"

"हो."

नाही पाहिलेला. कधीच नाही! मायक्रोस्कोपला आयुष्यात एकदाही डोळा लावलेला नाही मी. हे आज पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहिण्याआधी उठून दार लोटून घेतलं.

मंगळवार, १० जानेवारी

कपाट उघडलं. सरांच्या खोलीतलं काचेचं कपाट — त्यात लाकडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सूक्ष्मदर्शक'. शाळेत असताना आम्ही त्या काचेला नाक लावून उभ्या राहायचो. वाटायचं, नववीत गेलो की दाखवत असतील. आमची शाळा आठवीपर्यंतच! मग मी इथेच बाई झाले, किल्ली हातात आली, आणि पहिल्याच दिवशी पेटी उघडली. आत खडूचे डबे.

आजही खडूच आहेत. पोरं आजही काचेला नाक लावतात.

सरांना म्हटलं, एक मायक्रोस्कोप घेऊया. "आधी छप्पर बघू, मग अमीबा," म्हणाले. त्यांचंही खरंच आहे. पण मार्चअखेर परीक्षा झाली की ही अडतीस पोरं पांगतील. प्रश्नपेटी कुठल्या तरी मोठ्या शाळेत जाईल, तिथे खरा अमीबा बघेल आणि म्हणेल, आमच्या बाई...

नाही. त्याच्या आधी. ह्याच पोरांना, ह्याच खोलीत. ठरलं!

शनिवार, १४ जानेवारी

देणगीदारांची यादी केली. सतरा नावं. कंपन्या, ट्रस्ट, एक मंडळ, आणि आमचाच एक माजी विद्यार्थी, ज्याने म्हणे नळाच्या तोट्यांच्या धंद्यात बक्कळ कमावलंय.

सासूबाईंनी यादी हातात घेतली. पोस्टात तीस वर्षं गावागावांचं टपाल वेगळं केलंय त्यांनी. पत्ता बघून आतलं पत्र ओळखतात असा त्यांचा दावा आहे. म्हणाल्या, "पत्त्याची छापील चिठ्ठी चिकटवू नकोस. हाताने लिहिलेला पत्ता माणूस आधी फोडतो."

मी म्हटलं, आई, लोकांकडे मागायला कसंसंच वाटतं हो.

"मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आणि तू स्वतःसाठी थोडीच मागतेयस?"

 थोडं स्वतःसाठीही मागतेय, हे त्यांना कसं सांगू?

सतरा पाकिटं. सासूबाईंनी सगळ्यांवर तिकिटं एका रेषेत लावली आणि माझं अक्षर गचाळ आहे असं तीनदा सांगितलं.

रविवार, २२ जानेवारी

एका ट्रस्टचा फॉर्म संगणकावर भरायचा होता. 'या देणगीमुळे लाभार्थींच्या जीवनात अपेक्षित बदल.' मी लिहिलं — आठवीची मुलं अमीबा पाहतील.

फॉर्म घेईना! किमान पन्नास शब्द पाहिजेत म्हणे.

आता चार शब्दांच्या गोष्टीचे पन्नास कसे करायचे? नवरा म्हणाला, 'वैज्ञानिक दृष्टिकोन' घाल. घातला. 'सर्वांगीण विकास' घाल. घातला. 'उज्ज्वल भविष्य' दोनदा घातलं. अठ्ठेचाळीस झाले. शेवटी लिहिलं, 'आणि बाईसुद्धा.' बरोब्बर पन्नास! फॉर्म गेला.

शुक्रवार, २७ जानेवारी

उत्तरं यायला लागली. हसावं की रडावं!

एक म्हणतात, आम्ही फक्त झाडं लावतो. एक म्हणतात, आम्ही फक्त दप्तरं वाटतो, दप्तरं हवीत का? रंगाच्या कंपनीने पत्राचं उत्तर न देता साठ टोप्या पाठवल्या. शिपाईमामा एक घालूनच फिरतायत, घंटा देतानाही काढत नाहीत. तोट्यांवाल्याचा फोन आला. दहा मिनिटं शाळेच्या आठवणींनी गहिवरला आणि मग म्हणाला, "बाई, मला विज्ञानात नापास कोणी केलं होतं, आठवतंय ना?"

मीच. आठवतंय. अमीबा काळा काढला होता त्याने.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आलं! पन्नास शब्दांवाल्या ट्रस्टचं पत्र. त्यांच्या बाई गुरुवारी शाळा बघायला येणार!

मी सरांच्या खोलीत अक्षरशः पळत गेले. ह्या वयात. सरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "येऊ देत. आपण तयारीत राहू," म्हणाले.

तयारी कसली, हे विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी शाळेत पाय ठेवला तर ओळखू येईना! फुटक्या काचेवर मुलांची चित्रं चिकटवलेली. छपराच्या डागाखाली नकाशा टांगलेला. मोडके बाक गायब — शिपाईमामांनी मागच्या भिंतीआड रचून वर चादर टाकली होती. पोरांचे भांग पाडलेले. मोठ्या सरांची एकोणतीस वर्षांची सवय! कोणी बघायला येणार म्हटलं की ते एकच ओळखतात — तपासणी. आणि तपासणीला उणं दाखवायचं नसतं.

मी म्हटलं, अहो सर, ह्या तपासायला नाही येत, द्यायला येतायत! उणंच दाखवायचंय!

"घर आवरल्याशिवाय पाहुण्याला आत घेतेस का तू?" सर म्हणाले. तेवढ्यात गाडी आली.

त्या बाई लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, हातात छोटी वही. एक वाक्य ऐकलं की एक टिपण. मी मनातल्या मनात त्यांचं नाव टिपणबाई ठेवलं. आठवीच्या वर्गात शिरलो आणि मी दारातच थबकले.

टेबलावर मायक्रोस्कोप.

चकचकीत, काळाभोर, शेजारी फुलांचा पेला. क्षणभर वाटलं, जादू झाली! मग खिडकीतून फाटकापाशी उभा लॅबवाला दिसला आणि उलगडा झाला. शाळेसमोर रक्त तपासायची त्याची छोटी लॅब आहे. सर त्याचाच मायक्रोस्कोप सकाळी उचलून घेऊन आले होते! का, तर विज्ञानाचं टेबल रिकामं बरं दिसत नाही.

टिपणबाईंनी विचारलं, "हा चालतो?"

"उत्तम!" सर.

"मुलं वापरतात?"

"दर शुक्रवारी!"

दर शुक्रवारी!! दुसऱ्या बाकावरून प्रश्नपेटीचा हात वर जायला लागला. आणि मी — हे लिहायलाही लाज वाटते — मी तिच्याजवळ गेले आणि तो हात धरून हळूच खाली केला.

फाटकापाशी लॅबवाला मनगटावर बोट आपटून वेळ दाखवत होता. तीन पेशंट खोळंबले होते बिचाऱ्याचे. टिपणबाईंनी वही मिटली, "छान ठेवलीय शाळा," म्हणाल्या आणि गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. त्यांची गाडी वळायच्या आत लॅबवाला मायक्रोस्कोप छातीशी धरून रस्ता ओलांडत होता.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

प्रश्नपेटीने आज एकही प्रश्न विचारला नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

पत्र आलं. सासूबाईंनी पाकीट बघूनच सांगितलं, "नकार आहे. पातळ आहे."

'आपल्या शाळेकडे सुस्थितीतील सूक्ष्मदर्शक असून विद्यार्थी त्याचा नियमित वापर करतात, हे पाहून आनंद वाटला. त्यामुळे यंदा अधिक गरजू शाळेचा विचार करण्यात येत आहे. शुभेच्छा.'

घ्या! शुभेच्छा!

तशीच पत्र घेऊन सरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. म्हटलं, हाती आलेलं घालवलंत. फक्त गप्प बसला असतात तरी पुरे होतं! सर खुर्चीत बसून होते. एवढंच म्हणाले, "मग काय फाटकं लुगडं दाखवायचं लोकांना?"

मी दार आपटून निघाले. घरी येऊन सासूबाईंसमोर पुन्हा सगळा पाढा वाचला. त्या शेंगा सोलत होत्या. माझं संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं खोटं. बरं. आणि तुझ्या तोंडाला कुलूप कोणी लावलं होतं?"

 उठून आत आले. सरांनी नसलेला मायक्रोस्कोप आहे म्हणून सांगितलं. मी न पाहिलेला अमीबा पाहिला म्हणून सांगितलं. आणि रागावतेय कोण? मी!

बुधवार, २२ फेब्रुवारी

सकाळी माझ्या टेबलावर एक कागद. सरांचं ते मोत्यासारखं अक्षर. सर समोर उभे, खिडकीबाहेर बघत. "वाच. चुका काढ."

'आपण आमच्या शाळेत पाहिलेला सूक्ष्मदर्शक आमचा नाही. तो समोरच्या लॅबमधून तीन तासांसाठी मागून आणला होता. आमच्याकडे त्याची फक्त पेटी आहे व तिच्यात आम्ही खडू ठेवतो. दर शुक्रवारी मुले काहीही पाहत नाहीत. आपण आलात त्या दिवशी छपराचा डाग नकाशामागे होता आणि मोडके बाक भिंतीमागे होते. हे सर्व मी केले. बाईंना यातले काही ठाऊक नव्हते.'

 मुख्याध्यापक माणूस. कधी कोणापुढे मान न वाकवलेला. तीनदा खरडून मग हे उतरवलं असणार, टोपलीत बोळे दिसत होते.

मी म्हटलं, "एक चूक आहे."

"कुठे?"

"शेवटचं वाक्य." आणि खाली मी लिहिलं — आधी ठाऊक नव्हतं, पण कळल्यावर मी गप्प बसले. सही केली.

सरांनी चष्मा सरसावून माझी सही बघितली. मग म्हणाले, "अक्षर सुधार जरा."

पत्ता अर्थातच सासूबाईंनी लिहिला.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

आता उरलं होतं माझं.

हजेरी झाल्यावर पुस्तक मिटलं. म्हटलं, "मुलांनो, मला काही सांगायचंय. मी अमीबा पाहिलेला नाही. त्या दिवशी हो म्हटलं, ते खोटं होतं. आणि त्या बाई आल्या तेव्हा एकीचा हात मी खाली केला, तेही चुकलं."

 मला वाटलं, संपलं. आता ही पोरं कशाला माझ्यावर विश्वास ठेवतायत!

मागून एक आवाज — "मग पृथ्वी गोल आहे ते तरी पाहिलंय का बाई?"

असा काही हशा पिकला की शेजारच्या वर्गातून डोकी डोकावली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं, पण पोरांना काय कळतंय.

आणि मग वर गेला तो हात! पंधरा दिवसांनी!

"बाई, मग आपण सगळे एकदमच बघू या ना. म्हणजे कोणीच आधी नाही."

मी म्हटलं, मायक्रोस्कोप कुठाय पण? तर म्हणे, "ते तुम्ही बघा."

सोमवार, ६ मार्च

मधल्या सुट्टीत फोन. टिपणबाई स्वतः!

मी उभीच राहिले. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मी शाळा बघतेय. लोक असलेलं लपवतात आणि नाही म्हणतात. चालता पंखा बंद करून ठेवतात, चांगले बाक खोलीत कोंडतात. नसलेलं उसनं आणून आहे म्हणणारे तुम्ही पहिले!" आणि हसायला लागल्या. एवढ्याशा बाईचं एवढं मोठं हसू! हसता हसताच म्हणाल्या, "देणगी मागायला बसलात आणि तुम्हाला गरीबसुद्धा होता येईना!"

मी म्हटलं, सरांना सवय नाही हो.

मग त्यांनी विचारलं, "फॉर्ममध्ये शेवटी 'आणि बाईसुद्धा' लिहिलंय. ते काय?"

सांगितलं. सगळं. जांभळा खडू, प्रश्नपेटी, हात, कबुली. पलीकडे टिपण घेतल्याचा आवाज आला की काय कोण जाणे. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही एक मागितलाय. अडतीस मुलांत एक कसा पुरणार? सहा पाठवते. आणि तो छपराचा डाग बघायला पुढच्या महिन्यात परत येईन. नकाशा काढून ठेवा."

सहा!!!

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

मंगळवार, १४ मार्च

सहा खोकी आली. सगळी शाळा दारात. शिपाईमामांनी खोकी फोडायच्या आधी टोपी काढली!

कसं वापरायचं कोणालाच ठाऊक नाही. शेवटी लॅबवाल्याला बोलावलं. तो दुपारी लॅब बंद करून आला, एकेका पोराचा हात धरून चाकं फिरवायला शिकवलं. जायचं नावच घेईना. म्हणाला, "बाई, वीस वर्षं मी ह्यातून फक्त रक्त बघितलंय. मलाही बघू द्या ना काहीतरी."

पहिलं काय पाहिलं? प्रश्नपेटीचा केस. दोरखंडाएवढा! मी डोळा लावला आणि किंचाळले. पोरं खूश.

शनिवार, १८ मार्च

अमीबा काही सापडेना. पोरं घरून पाणी आणतायत — तळ्याचं, टाकीचं, फुलदाणीचं. खिडकीत अडतीस बाटल्या. शिपाईमामा नाकाला रुमाल लावून झाडतात आणि म्हणतात, "ह्यापेक्षा टोप्या बऱ्या होत्या!" रोज काय काय दिसतं! वळवळणारे, गरगर फिरणारे, चपलेसारखे. पण हवा तो नाही. परीक्षेला दहा दिवस उरले.

लॅबवाला रोज दुपारी हजर.

मंगळवार, २१ मार्च

सापडला!!

फुलदाणीच्या तळाच्या गाळात. प्रश्नपेटीला दिसला. ओरडली नाही, काही नाही. हळूच माझ्या पदराला हात लावला आणि म्हणाली, "बाई, आता आपण."

वाकले. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात एक कडा हलली. तो सांडलेल्या पाण्यासारखा सावकाश एका बाजूला पसरत गेला आणि मागचा भाग त्याच्यामागून सरकत आला. आकार असा नाहीच त्याला! मी काढते तसा तो क्षणभर होतो आणि लगेच दुसराच होतो. आणि रंग? रंगच नाही! पार आरपार.

 अकरा वर्षं मी त्याला शिकवतेय आणि आज ओळख झाली! अडतीस जणांनी पाहिला. मग लॅबवाल्याने. मग शिपाईमामांनी — "एवढ्यासाठी एवढं?" म्हणाले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

सर गावाला गेलेत. उद्या येतील. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून आलेय — हात लावू नये.

बुधवार, २२ मार्च

सरांनी पाच मिनिटं डोळा काढला नाही. मग वाकलेलेच म्हणाले, "मीही आजच पाहतोय गं. पण हा जांभळा कुठाय?"

म्हटलं, "सर, जांभळा तर तुम्हीच शिकवलात!"

"तुझी तुकडी माझी पहिलीच. पेटीत त्या दिवशी तेवढाच खडू उरला होता."